शाणूचा मिटता चाकू

ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. मी ती पहिल्यांदा सांगितली तेव्हा मला स्वतःलाही वाटली नव्हती. पण गेल्या चैत्रात शाणूच्या पडवीत आम्ही सुकी सुपारी सोलायला बसलो होतो, तेव्हा शाणूची नवी नातसून गौतमी मला म्हणाली, "मेस्त्री आजोबा, तुम्ही म्हणे एक असा चाकू केला होता की तो माणूस ओळखायचा?"

सुपारी सोलणाऱ्याचे हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं. असल्या वेळी लोहाराला कोणी काही विचारू नये. पण पोरगी सांगलीकडची, तिला काय ठाऊक!

"ओळखायचा म्हणजे? नुसता ओळखायचा नाही, दुसऱ्याने धरला तर तोंड उघडत नसे," मी म्हणालो. "विचार तुझ्या आजेसासऱ्याला."

शाणू भिंतीला टेकून बसला होता. त्याने मान डोलावली. त्याचे कान जाऊन बरीच वर्षं झाली, मान मात्र अजून शाबूत आहे. साक्षीदार असावा तर असा. त्याची बायको, आवडा वयनी, खाली मान घालून सुपारी सोलत होत्या. ही गोष्ट त्यांनी माझ्या तोंडून दर साल ऐकलेली. कधी हूं नाही की चूं नाही.

मग मी पाट जरा पुढे ओढला आणि सुरू केलं.

तेव्हा शाणू आमच्या वाडीचा पाडेली होता. पाडेली म्हणजे माडावरचे नारळ आणि पोफळीवरची सुपारी उतरवणारा. माणसं जमिनीवर चालतात, शाणू शेंड्याशेंड्यांवरून चालायचा. सकाळी बागेच्या या टोकाला एका पोफळीवर चढला, की घड कापायचा, झाड हलवून झोका घ्यायचा, शेजारची पोफळ धरायची, तिच्यावर जायचं. असं करत करत दुपारी पार नदीकडच्या टोकाला उतरायचा. मधे पाय जमिनीला लागणं नाही. त्याची वहाणांची एक जोडी लग्नातली होती, ती तशीच नवी.

एका सकाळी आवडा वयनी माझ्या भट्टीवर आल्या. मागून शाणू, एक पाय ओढत. वयनींनी पदराखालची कोयती काढून ऐरणीवर आदळली.

"भावोजी, ही गाळून टाका. हिचो खिळो करा, उलथनां करा, काय तां करा. माझ्या घरात ही नको."

झालं होतं असं, की झोका घेताना शाणूच्या कमरेच्या आकड्यातली कोयती फिरली आणि तिने त्याचीच मांडी उघडली. तसाच तो सरसरत खाली आला. महिनाभर खाटेवर होता. पायावर उभा राहिला त्या दिवशी वयनी त्याला घेऊन गेल्या त्या थेट गावच्या देवाकडे, राखणदाराकडे. पायरीवर नारळ ठेवला आणि नवऱ्याला शपथ घातली.

"उघडां पातां घेऊन झाडार चढूचां नाय," वयनी मला म्हणाल्या. "आणि शिमगो झालो की आमी मुंबयक. माझ्या भावान ह्येंका गेटार काम बघल्यान हा. उन्हात नाय, वाऱ्यात नाय, खुर्चेर बसान पगार."

एवढं बोलून त्या चालत्या झाल्या. शाणू मात्र भट्टीपाशी उकिडवा बसून राहिला.

"अंता," तो मला म्हणाला, "मुंबयत पोफळी आसत?"

"नाय."

"माड?"

"दर्याकडेन आसत म्हणतत. पण तेंच्यार चढलंस तर पोलीस धरतलो."

"मगे मी थंय करू काय?"

"गेटार बसूचां."

"खाली?"

"खालीच मेल्या. गेट काय झाडार असता?"

शाणूच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणाल तर तसं नाही, धूर होता भट्टीचा. पण मी भाता थांबवला तरी त्याचे डोळे पुसणं चाललंच होतं. मग एकदम तो म्हणाला, "अंता, शपथ उघड्या पात्याची असा ना?"

"हो."

"मिटलेल्या पात्याची नाय ना?"

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घडीचा चाकू! पण कसला? शाणूने बोटांवर मोजत अटी सांगायला सुरुवात केली. पातं कोयतीसारखं वाकडं हवं, नाहीतर घड तुटत नाही. एका हाताने उघडायला हवं, कारण दुसरा हात झाडाला. मिटायलाही एका हाताने. कमरेला असताना मिटलेलं राहायला हवं, झोक्यात आपसूक उघडलं तर पुन्हा मांडी. आणि वरती हातात घेतलं की मुळीच कुरकुर करायची नाही.

"तुका चाकू व्हयो काय नोकर?" मी म्हणालो.

"माका रवाक गाव व्हयो," शाणू म्हणाला.

मी भाता ओढायला घेतला.

पहिला चाकू मी केला तो घड्याळाची कमान घालून. बोटाने खुंटी दाबली मात्र, तो इतक्या जोरात उघडला की हातातून सुटून छपरात घुसला. वाशात असा रुतला की निघेना. अजून आहे. पावसाळ्यात त्याच्या मुठीवरून पाणी गळतं, खाली आम्ही हंडा लावतो. त्या हंड्याचं पाणी घरात कोणी पीत नाही, प्यायलं की माणूस टोचून बोलतो.

"खरंच?" गौतमीने विचारलं.

शाणूने मान डोलावली.

दुसरा चाकू मात्र मी डोकं लावून केला. असा चाकू ना कोणी केला होता, ना पुढे कोणी केला. मुठीच्या पोटात एक बारीक पन्हळ पाडली आणि तीत सायकलचा एक छर्रा सोडला. गंमत बघा. चाकू कमरेला उलटा लटकला की छर्रा घरंगळत पुढे यायचा आणि पात्याच्या मुळाशी खाचेत बसायचा. पातं जाम. कितीही झोके घ्या. आणि चाकू हातात घेऊन तोंड आभाळाकडे केलं की छर्रा मागे जायचा, पातं मोकळं. अंगठ्याने खुंटी लोटली की खट्! कमान नाही, कुलूप नाही. पृथ्वीची ओढच कुलूप घालणार आणि तीच काढणार. मी तो उघडमीट करत बसलो आणि मलाच माझा हेवा वाटायला लागला.

शाणूला बोलावलं. त्याच्यासमोर उघडून दाखवला. खट्. मिटला, जमिनीवर ठेवला. आमच्याकडे धारेची वस्तू कोणी कोणाच्या हातात देत नाही, दिली की दोघांचं भांडण ठरलेलं. देणाऱ्याने खाली ठेवायची, घेणाऱ्याने उचलायची. शाणूने उचलला. तोंड आभाळाकडे केलं. अंगठा लावला.

उघडेना.

"जोर कर."

"करतंय."

"अरे, जोर म्हणजे दात खावचे नाय. अंगठो लाव."

"अंगठोच लावलंय. दात आपसूक खातंय."

त्याने खाली ठेवला. मी उचलला. खट्.

मी खाली ठेवला. त्याने उचलला. नाही.

त्याने ठेवला, मी उचलला. खट्. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे, आणि मग आम्ही दोघांनी चाकूकडे. चाकू कोणाकडेच बघत नव्हता.

मी पातं काढून घासलं. तेल सोडलं. छर्रा बदलला. अंगठ्याची खुंटी मोठी केली. सगळं पुन्हा जोडलं. माझ्या हातात खट्, त्याच्या हातात मख्ख. मग मला वाटलं, शाणूच्या अंगठ्यातच काही खोट असेल. म्हणून वाडीतल्या माणसांना बोलवायला लागलो. मी उघडून दाखवायचा, मिटून खाली ठेवायचा, समोरच्याने उचलायचा. एकालाही उघडेना. पोस्टमन झाला, मास्तर झाले, देवळाचे पुजारी झाले. दर खेपेला तो खाली ठेवी, मी उचली, आणि मेला चाकू माझ्या हातात शहाण्या मुलासारखा तोंड उघडी.

वाडीत बोलबाला झाला. बाया पाण्याला जाताना वाकून बघायच्या. कोणी म्हणालं, अंताने लोखंडावर मंत्र घातलाय. कोणी म्हणालं, राखणदाराला हा चाकू मंजूर नाही, शपथेत पळवाट काढता काय? मास्तरांनी माझा तळहात आणि शाणूचा तळहात शेजारी ठेवून बराच वेळ पाहिला आणि "शास्त्राच्या पलीकडे आहे" म्हणून चहा पिऊन गेले. मी तर इतका गोंधळलो की जेवताना घास उजवीकडून गेला की डावीकडून, याचा विचार करायला लागलो. रात्री बायको म्हणाली, "अहो, निजा." मी तिला विचारलं, "कुठल्या कुशीवर?"

आणि इकडे शिमगा जवळ येत चालला. शाणूच्या घरी वयनींनी भांडी गोणपाटात बांधायला घेतली. एक दिवस गेलो तर पाटा-वरवंटासुद्धा बांधलेला.

"वयनी, पाटा मुंबयक कशाक?"

"थंयच्या पाट्याक ह्येंच्या तोंडाची चव कळात?" त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

शाणू बाहेर पोफळीच्या बुंध्याला हात लावून उभा होता. गाईच्या मानेला लावतात तसा.

मी म्हणालो, "शाणू, एक उपाय असा. हो चाकू माझ्याच हातात उघडता ना? मगे मीच चढतंय."

"तू?"

"मी शेजारच्या पोफळीर. चाकू उघडून तुका देतंय. तू काप."

"अंता," शाणू म्हणाला, "तुझां वजन बघलंस?"

"पोफळ बघात. तू कित्याक काळजी करतंस?"

आणि मी चढलो. हो, चढलो! गौतमी, हसू नको. पायांत सुंभाचा फास अडकवला, कमरेला तो मिटता चाकू, आणि निघालो वर. पोफळ अशी उंच, की मी निघालो तेव्हा बायकोने बुंध्याशी गरम चहा ठेवला होता, अर्ध्यावर पोचलो तोवर तो निवला, आणि शेंड्याला हात लावला तेव्हा त्याच्यावर धरलेली साय मांजराने खाल्ली होती. वरून वेंगुर्ल्याची होडकी दिसत होती. एका होडीतल्या माणसाने तपकीर ओढली तर शिंक मला आली.

तेवढ्यात वारा सुटला. माझं वजन आणि वारा दोन्ही एकदम. पोफळ वाकली, वाकली, वाकली, ती थेट पलीकडच्या गावच्या एका अंगणात जाऊन टेकली. तिथे एक म्हातारी तांदूळ निवडत होती. मला बघून म्हणाली, "येवा, बसा. चाय घेतलास?" मी "हो" म्हणणार इतक्यात पोफळ पुन्हा सरळ झाली आणि मी परत आमच्या बागेत. चहा राहिला तो राहिलाच.

"अंता!" शेजारच्या शेंड्यावरून शाणू ओरडला. "खंय गेललंस?"

"पावण्याक. तां सोड. हो घे."

मी चाकू काढला. तोंड आभाळाकडे. खट्. उघडला. मिटून पुन्हा उघडून बघितला. खट्. मग मिटला आणि त्याच्यापुढे धरला.

शाणूने हात मागे घेतला.

"हातात देव नको. खाली ठेव."

"खाली खंय ठेवू मेल्या? वाऱ्यार?"

"आपलां भांडण होतलां, अंता."

"होवंदे! मुंबयसून भांडूक येशील तेवा बघूया. घे!"

त्याने घेतला. माझ्या हातातून त्याच्या हातात, जन्मात पहिल्यांदा. त्याने डोळे मिटून अंगठा लावला.

खट्.

त्याने मिटला, कमरेला लावला, झोका घेतला, पलीकडच्या पोफळीवर गेला, तिथे काढला, खट्. तिसरीवर, खट्. चौथीवर, खट्. खाली सुपारीचे घड धपाधप पडायला लागले. वाडीतली माणसं पळत आली आणि लगेच टोपल्या डोक्यावर घेऊन मागे पळाली.

मी मात्र तिथेच. वर चढता येतं तसं खाली उतरताही येतं, हा माझा गैरसमज होता. तिथे लटकल्या लटकल्या मला सगळा उलगडा झाला. मी डावरा. मी वस्तू खाली ठेवतो ती एका कुशीवर, बाकीची उजव्या हाताची दुनिया ठेवते ती दुसऱ्या कुशीवर. पन्हळीच्या एका बाजूला हातोडीचा बारीक पोचा राहिला होता. मी चाकू ठेवला की छर्रा त्या पोच्यात जाऊन निजायचा, मग उचलणारा आभाळाकडे तोंड करो नाहीतर पाताळाकडे, तो हलत नसे. समोरच्याने उजव्या हाताने ठेवला की छर्रा पोच्यातून बाहेर, आणि मी उचलला की मोकळा! म्हणून हातातून हातात दिला तेव्हा उघडला. दुसऱ्या कोणत्याही मुलखात हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. तिथे लोक धारेची वस्तू सरळ हातात देतात. आम्ही भांडण नको म्हणून खाली ठेवत बसलो आणि वेडे व्हायची पाळी आली.

खाली आल्यावर... कसा आलो ते विचारू नका, ती वेगळी गोष्ट आहे, तिच्यात घार आहे... कानस घेऊन तो पोचा घासून टाकला. चाकू बिनतक्रार चालायला लागला. वयनींनी पाटा सोडून पुन्हा जागेवर ठेवला. पुढे हातपाय थकेपर्यंत शाणूने सगळ्या वाडीची सुपारी त्याच चाकूने उतरवली. हातात चाकू दिला तरी आमचं कधी भांडण नाही, आणि मुंबईचं कोणी नाव काढलं नाही.

"तर असा तो चाकू," मी म्हणालो आणि सोललेली सुपारी टोपलीत टाकली.

गौतमीचे डोळे मोठे झाले होते. शाणू मान डोलवत होता.

"खोटां," आवडा वयनी म्हणाल्या.

पडवीतले सगळे हात थांबले. इतक्या वर्षांत ही बाई या गोष्टीवर पहिल्यांदा बोलत होती.

"काय खोटां, वयनी? तुमी मुंबयक गेलास?"

"मुंबयक नाय गेलंव, तितक्यांच खरां. बाकी तुमी आणि पोफळीर? तुमका माळयेचो जिनो चढताना दोगांनी ढकलूचां लागता."

सगळे हसले. मीही हसलो. वयनी हसल्या नाहीत.

"आणि तुमी डावरे कदीपासून? इतको वेळ सुपारी खंयच्या हातान सोलतास?"

मी उजव्या हातातलं पातं बघितलं. गौतमीनेही बघितलं.

"तेच शिमग्याक," वयनी सांगायला लागल्या, "ह्ये न्हावक गेले तेवा मी तो चाकू घेतलंय. उघडना नाय. चुलीकडचो चिमटो घालून उघडलंय. ओली सुपारी लोखंडाक लागली की काळो डाग पडता, जन्मात जाणा नाय. पातां कसां होतां? आरशासारख्यां. तेत बघून मी कुंकू लावलंय आणि परत मिटून ठेवलंय."

"मग आजी, सुपारी कशाने पाडायचे?" गौतमीने विचारलं.

"ह्या मेस्त्रीनी गुपचूप एक नवीन कोयती करून दिल्यानी. ती झाडार रवायची. शेंड्यात खोवलेली. ह्ये मिटतो चाकू कमरेक लावून चढायचे, वर ती कोयती घेवन कापायचे, आणि उतारताना शेवटच्या पोफळीर ठेवन येयत. दुसऱ्या दिसा थयसूनच सुरू. मी न्हाणयेकडे कपडे धुताना रोज बघी, उन्हात चमकायची. शपथेची शपथ रवली, सुपारेची सुपारी पडली."

ही गोष्ट मी जन्मभर सांगत आलो ती कोणासाठी? वयनींना झाडावरची कोयती कळू नये म्हणून. दर साल, त्यांच्याच पडवीत, त्यांच्याच समोर.

"वयनी," मी म्हणालो, "तुमका ठावक होतां, मगे बोललास कित्याक नाय?"

वयनींनी पुढची सुपारी उचलली.

"माका तरी खंय जावचां होतां मुंबयक? रगात बघून भियेलंय, रागान बोललंय आणि नारळ ठेवन बसलंय. ठेवलेलो नारळ मागे कसो घेवचो? चाकू उघडना नाय तर नाय. घरात मिटतो चाकू असा, इतक्यां राखणदाराक पुरलां."